क्रँक कोणी फिरवला?

इंजिन बांधणारी माणसं दोनच प्रकारची असतात, असं मिस्त्रींचं म्हणणं होतं. वरची आणि खालची. वरची माणसं टर्बो बसवतात, इंजेक्टर बदलतात, चकचकीत पाइप वळवतात, आणि गाडी सुरू झाली की लोक त्यांच्याभोवती गोळा होऊन "वा, काय आवाज आहे!" म्हणतात. खालची माणसं क्रँक म्हणजे इंजिनाचा फिरता दांडा, बेअरिंग आणि कनेक्टिंग रॉड घेऊन बसतात. चेंबरचं झाकण लागलं की त्यांचं काम कुणाच्या बापाला दिसत नाही. दिसतं ते फक्त बिघडल्यावर, आणि तेव्हा लोक जे म्हणतात ते चारचौघांत सांगण्यासारखं नसतं.

मिस्त्री खालचे. चाळीस वर्षं खालचे. सगळा परिसर त्यांना तळमिस्त्री म्हणायचा आणि त्यांनाही ते मनापासून आवडायचं. आता अशा माणसाच्या एकुलत्या एका लेकीने लग्न करावं ते कुणाशी? तर वरच्याशी! टर्बोवाल्याशी! आणि त्याने आपलं दुकान मांडावं ते कुठे? तर सासऱ्यांच्याच वर्कशॉपच्या दुसऱ्या अर्ध्या भागात.

जावई वाईट नव्हता हो. कष्टाळू होता, बोलायला गोड होता, बायकोवर जीव टाकायचा. पण त्याने हात लावलेली प्रत्येक गाडी पहिल्यापेक्षा जास्त जोरात पळायची, आणि मिस्त्रींना धास्ती वाटायची ती नेमकी त्यामुळेच. तोंडावर ते त्याला "जावईबापू" म्हणायचे आणि पाठीमागे "धूरवाले."

लेक ट्रक चालवायची. खाणीतला दगड भरून घाट उतरायचा, ट्रक रिकामा करायचा, परत चढायचं, असं तिचं रोजचं काम. वीस टनांचा ट्रक तिच्या हाताखाली शहाण्या बैलासारखा वागायचा. त्या खाणीच्या चढावर दरवर्षी भरलेल्या ट्रकची शर्यत लागायची. दोन किलोमीटर चढ, मध्ये एक अवघड वळण, एकेका ट्रकने जायचं आणि घड्याळ लावून वेळ घ्यायची. यंदा लेक उतरणार होती, आणि जावयाने तिच्या ट्रकच्या इंजिनाची ताकद जवळजवळ दुप्पट करून ठेवली होती.

"आणि तळ?" मिस्त्रींनी विचारलं होतं.

"तळ कंपनीचाच आहे मामा. चांगला आहे."

"चांगला आहे तो कंपनीच्या ताकदीला. तुम्ही पाप्याच्या पितराच्या खांद्यावर पहिलवान बसवलाय!"

त्यांना उगाच तोंड सोडायची हौस नव्हती. गेल्या वर्षी ते स्वतः त्या वळणावर उभे होते. समोर एका ट्रकचा रॉड तुटला, ब्लॉकची भिंत फोडून बाहेर आला, रस्ताभर गरम तेल सांडलं आणि भरलेला ट्रक तीस-चाळीस फूट मागे घरंगळत गेला. ड्रायव्हर आपल्या पायांनी खाली उतरला, पण दोन दिवस त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही. त्या ड्रायव्हरच्या जागी आपली पोर, असं चित्र डोळ्यांपुढे आलं की मिस्त्री भरल्या ताटावरून उठायचे.

म्हणून त्यांनी लेकीला समोर बसवलं. "तळ मी बांधणार. आणि मी हो म्हटल्याशिवाय तू चढावर जायचं नाहीस. शपथ घे."

"घेतली," लेक म्हणाली. तिला वाटलं, बाबा चार दिवसांत हो म्हणतील. तिथेच तिचं चुकलं.

मिस्त्री कामाला लागले. क्रँकला धरून ठेवणाऱ्या बेअरिंगच्या सातही कॅपचे जुने बोल्ट काढून जाड पोलादी स्टड बसवले. दोन बोटं जाडीचा एक पोलादी पट्टा स्वतः कापून तयार केला, म्हणजे सातही कॅप एकमेकींना बांधल्या जातील आणि क्रँकने कितीही झटके दिले तरी एकीच्या मदतीला सहा जणी. रॉड नवे आणले आणि सहाही एका वजनाचे होईपर्यंत घासत बसले. त्यासाठी स्वयंपाकघरातला वजनकाटा लागला. बायकोने तो तीन दिवस घरभर शोधला आणि चौथ्या दिवशी ग्रीस लागलेला परत मिळाला.

"यात मी आता पीठ मोजू?" तिने विचारलं.

"पुसून घे की!"

मग आली मोजणी. क्रँक आणि बेअरिंग यांच्यात तेलाला जागा हवी, केसभर. कमी पडली तर बेअरिंग जळतं, जास्त झाली तर ठोकायला लागतं. ती जागा मोजायला मेणासारखा मऊ दोरा मिळतो. तो क्रँकवर ठेवायचा, वर कॅप घट्ट आवळायची, मग उघडायची. दोरा दबून किती रुंद झाला ते पट्टीशी लावून बघायचं, की जागा कळली. अट एकच. दोरा आत असताना क्रँक तसूभरही हलता कामा नये. हलला की दोरा फासला जातो आणि सगळी मेहनत पाण्यात.

कॅप आवळल्यावर मिस्त्री अर्धा तास थांबायचे. दोऱ्याला बसू द्यायचं, ही त्यांच्या उस्तादांची रीत. पुस्तकात असं काही लिहिलेलं नाही, असं जावई एकदा बोलून गेला होता. त्यावर "पुस्तकाने किती इंजिनं बांधली?" असं उत्तर त्याला मिळालं होतं.

बुधवारी मिस्त्रींनी सात ठिकाणी दोरा ठेवला, टॉर्कच्या, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्याने मधल्या कॅपपासून सुरुवात करून तीन फेऱ्यांत सगळं आवळलं आणि हात धुवायला गेले. अर्ध्या तासाने येऊन कॅप उघडल्या. सातही दोरे फासलेले! शेंबूड पुसावा तसे.

"क्रँक कोणी फिरवला?" मिस्त्री असे ओरडले की पत्र्यावरची कबुतरं उडाली.

कोणीच फिरवला नव्हता. जावई म्हणाला, मी तर माझ्या बाजूला होतो. बायको म्हणाली, मी त्या लोखंडाकडे बघत सुद्धा नाही. लेक दुसरा ट्रक घेऊन खाणीवर होती.

डब्यात आता तीन वेळा पुरेल एवढाच दोरा उरला होता. नवा मागवायचा तर आठवडा जाणार, आणि रविवारी शर्यत. मिस्त्रींनी पुठ्ठ्यावर "हात लावू नये" असं लिहून क्रँकवर टांगलं. गुरुवारी सकाळी पुन्हा दोरा ठेवला, पुन्हा आवळलं, अर्ध्या तासाने उघडलं. पुन्हा तेच. पाटी मात्र सरळ करून ठेवलेली. आधी ती वाकडी होती.

आता मिस्त्रींचं डोकं फिरलं. त्यांनी सरळ जावयाची बाजू गाठली. जावई टर्बोचा पाइप पुसत होता.

"जावईबापू, तुमचे हात वरच्या कामाचे. ते तिथेच ठेवा. खालच्या कामाला अक्कल लागते!"

जावयाचा चेहरा उतरला. तीन वर्षांत सासरे असं कधी तोंडावर बोलले नव्हते. त्याने हातातलं फडकं घडी करून ठेवलं, आपली पान्यांची पेटी उचलली आणि मागच्या दाराने घरात गेला. दुपारी लेक आली, तिला सगळं कळलं, आणि मग वर्कशॉपमध्ये जे झालं त्यापुढे कबुतरं उडणं म्हणजे काहीच नाही.

"माझ्या नवऱ्याची अक्कल काढलीत?"

"अगं पण क्रँक..."

"चुलीत घाला तो क्रँक! त्यांची माफी मागा, नाहीतर मी ट्रकला हात लावणार नाही. घ्या तुमचा तळ आणि बसा कवटाळून!"

मिस्त्री आणि माफी? त्यापेक्षा त्यांनी तो क्रँक दातांनी उचलला असता. त्यांनी ठरवलं की चोर पकडायचाच. तिसऱ्यांदा दोरा ठेवला, आवळलं, आणि या वेळी हात धुवायला न जाता स्टूल ओढून क्रँकसमोर पहारा देत बसले. डोळ्यांत तेल घालून.

दहा मिनिटांनी बायको चहा घेऊन आली. शेजारच्या खोक्यावर बसली आणि म्हणाली, "पोरगी रडतेय घरात."

"रडू दे. मी काय चूक केलं? तूच सांग. एवढं मोठं लोखंड, त्याला हात लावू नका म्हटलं तर लावू नये. संयम म्हणून काही असतो की नाही माणसाला? आता हा बघ." मिस्त्रींचा आवाज एकदम मऊ झाला. "महिनाभर घासलाय मी हा. आरसा झालाय, आरसा. शंभर किलो वजन आहे, पण असा फिरतो, असा फिरतो, की वाटतं लोण्यात ठेवलाय."

बायको त्यांच्या तोंडाकडे बघत नव्हती. ती त्यांच्या हाताकडे बघत होती.

मिस्त्रींनीही बघितलं. क्रँकच्या टोकाला जी ताटाएवढी चकती असते, तिच्यावर त्यांचा उजवा हात होता. आणि चकती मघाशी होती तिथे नव्हती. चांगली पाव फेरा पुढे गेली होती.

"अहो," बायको हळूच म्हणाली, "क्रँक कोणी फिरवला?"

चहा गार झाला. हात त्यांनी उचलून मांडीवर ठेवला आणि दुसऱ्याच कुणाचा असावा तसे ते त्याच्याकडे बघत राहिले. चाळीस वर्षं हा हात क्रँक फिरवून बघत आला होता. त्याला आज थांबायला सांगितलंय, हे त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. आणि बुधवारी? हात धुवायला जाताना त्यांनी शेवटचं काय केलं होतं? त्यांना आठवेना.

ते उठले आणि घरात गेले. जावई खाटेवर पान्यांची पेटी मांडीवर घेऊन बसला होता, लेक दारात हाताची घडी घालून उभी.

"जावईबापू," मिस्त्री म्हणाले. मग एका दमात, "चुकलो. आत्ता मीच फिरवला. कदाचित आधीही मीच असेन. तुमच्यावर उगाच आळ घेतला. माफ करा."

जावई पेटीतला एक पाना उगाच पुसायला लागला. मग कान खाजवत म्हणाला, "मामा, काल मी फिरवला होता."

"काय?"

"एकदाच. अर्धाच फेरा. इतका सुंदर दिसत होता हो, राहवलं नाही."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"तुमच्या हातात तीन फुटी पाना होता."

लगेच मागून बायकोचा आवाज आला. "आज सकाळी मी. कपडे वाळत घालून येत होते. तुमची पाटी वाकडी लागली होती म्हणून सरळ करायला गेले, तर म्हटलं बघावं तरी, महिनाभर हा माणूस कशाच्या मागे लागलाय. छान फिरतो पण."

लेकीने हसू दाबायला तोंड फिरवलं. तेवढ्यात पत्र टाकायला आलेला पोस्टमन दारातूनच म्हणाला, "मिस्त्री, तुम्ही काही म्हणा, पण असला क्रँक मी आजवर फिरवला नाही!"

मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. रागवायचं तरी कुणाकुणावर? आणि खरं सांगायचं तर आतून त्यांना थोड्या गुदगुल्याही झाल्या. चाळीस वर्षांत त्यांच्या कामाचं इतकं कौतुक कुणी केलं नव्हतं.

आता एकदाच पुरेल एवढा दोरा शिल्लक. चौघंही वर्कशॉपमध्ये आली. मिस्त्रींनी दोरा ठेवला, आवळलं, आणि फर्मान काढलं की सगळ्यांनी हात पाठीमागे बांधून उभं राहायचं. दोन मिनिटं सगळे तसे उभे राहिले. मग बायको वैतागली. बाहेर गेली, कपड्याची दोरी सोडून आणली, जावयाकडून चकतीला एक लांब दांडा बोल्टने लावून घेतला आणि दांडा दोरीने खांबाला करकचून बांधला. क्रँक आता भुताने ओढला असता तरी हलला नसता.

"चाळीस वर्षांत हे सुचलं नाही तुम्हाला?" तिने विचारलं.

"उस्तादांनी सांगितलं नव्हतं," मिस्त्री पुटपुटले.

अर्ध्या तासाने कॅप उघडल्या. सातही दोरे स्वच्छ, सरळ, एका रुंदीचे. आठ शतांश मिलिमीटर, जितकी हवी तितकीच जागा. जावई सात वेळा वाकून बघत म्हणाला, "मामा, हे काम नाही, ही जादू आहे." त्याच्या बोलण्यात तेव्हा गोडवा नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. मिस्त्रींनी ते ओळखलं.

शनिवारी दुपारपर्यंत पट्टा बसला, रॉड बसले, इंजिन ट्रकमध्ये गेलं आणि पहिल्याच चावीला सुरू झालं. सगळे टाळ्या वाजवायला लागले. मिस्त्री सोडून.

लेक त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "बाबा, हो की नाही?"

"बघू."

"उद्या सकाळी शर्यत आहे. बघू काय, बघू?"

मिस्त्री हात पुसत राहिले. स्वच्छ झालेले हात परत परत पुसत राहिले. "पोरी, खोटं नाही बोलणार. इंजिनाची मला खात्री आहे. माझी नाही. प्रत्येक नट आवळल्यावर मी त्यावर रंगाचा ठिपका देतो. ठिपके सगळे आहेत, मी चारदा मोजले. पण ठिपका देण्याआधी प्रत्येक नट खरंच आवळला का? हा हात मला न विचारता फिरतो, तर मला न विचारता थांबतही असेल. तू त्या वळणावर असताना मला हे आठवलं तर मी काय करू?"

लेकीला राग यायला हवा होता. पण बाबांच्या तोंडून "मला खात्री नाही" हे तिने जन्मात पहिल्यांदा ऐकलं होतं. तिने त्यांच्या हातातलं फडकं काढून घेतलं. मग म्हणाली, "तुम्ही माझ्या शेजारी बसा."

"मी?"

"सोबत एक माणूस चालतो. तळ तुमचा आहे, तुमच्याइतका तो कोण ओळखणार? जरा ठोकल्यासारखं वाटलं की सांगा, मी त्या क्षणी पाय काढेन."

त्या जागेवर वर्षभरापासून जावयाचा डोळा होता. त्याने एकदा ट्रककडे बघितलं, एकदा मामांकडे. "बसा मामा," तो म्हणाला. "माझं काम काय, धूर बघून खालूनही कळतं."

रविवारी सकाळी मिस्त्री आयुष्यात पहिल्यांदा स्वतः बांधलेल्या तळावर बसून शर्यतीला निघाले. निशाण पडलं, लेकीने क्लच सोडला आणि पाठीत कुणीतरी रट्टा घालावा तसे मिस्त्री सीटला चिकटले. मग त्यांनी जे केलं ते बघून चढावरचे लोक गोंधळले. ते कमरेत वाकले आणि डोकं गुडघ्यांमध्ये घालून कान केबिनच्या तळाशी नेला.

"बाबा! उलटी येतेय का?"

"गप्प! ऐकतोय!"

पहिला अर्धा किलोमीटर गेला. टर्बोची शिट्टी कानात घुसत होती. टायरखाली खडी करकरत होती. मागचा दगड हौद्यात दणदणत होता. मिस्त्रींनी डोळे मिटले आणि या सगळ्याच्या खालचा आवाज शोधला. तो एक ठोका, लोखंडावर लोखंडाचा, जो त्यांनी गेल्या वर्षी ऐकला होता. वळण आलं. लेकीने गिअर खाली टाकला, पाय दाबला, आणि इंजिनाची सगळीच्या सगळी ताकद एकदम क्रँकवर उतरली.

"बाबा, काय ऐकू येतंय?" लेक ओरडली.

"काही नाही!"

दचकून लेकीचा पाय उचलला गेला. "काही नाही म्हणजे?"

"काही नाही म्हणजे काही नाही!" मिस्त्री ताठ बसले. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "तळ बोलतच नाहीये! मुका झालाय मुका! अगं, पाय का काढलास? दाब! दाब ना, पायात गोळे आलेत का तुझ्या? दाब!"

लेकीने दाबला. उरलेला सगळा चढ मिस्त्री दोन्ही हातांनी समोरचा डॅशबोर्ड बडवत "दाब, दाब" ओरडत गेले.

पहिला नंबर अर्ध्या सेकंदाने हुकला, दुसरा आला. अर्ध्या सेकंदाने! जावई सगळा चढ पळत वर आला तेव्हा त्याला धाप लागली होती आणि त्याला एकच प्रश्न पडला होता.

"वळणावर धूर तुटला! पाय का काढला तिथे? इंजिनात काही झालं का मामा? ठोकलं का?"

लेक बाबांकडे बघायला लागली. मिस्त्री केबिनमधून सावकाश खाली उतरले. चेंबरखाली वाकून बघितलं, तेलाचा एक थेंब नाही. मग सरळ झाले आणि जावयाच्या खांद्यावर हात ठेवला.

"ते राहू द्या जावईबापू," ते म्हणाले. "वर अजून किती चढवता येईल ते बोला. खाली मी आहे."